संप मिटला की

आमच्या घरावर १,०२० रुपयांचं कर्ज आहे. आई गेली, वडीलही गेले, पण आईच्या निळ्या वहीत तो हिशेब तसाच आहे. महिना ६० रुपये, फेब्रुवारी १९८२ ते जून १९८३, सतरा ओळी. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने 'बाकी' असं लिहिलंय. उरलेली सगळी वही शाईची, एवढंच पेन्सिलीचं. फेडलं की खोडता यावं, असा तिचा विचार असणार.

ते आमच्या खोलीचं भाडं. वडील परळच्या एका गिरणीत साच्यांवर होते. चाळीतल्या खोलीत काकाचं आणि आमचं मिळून नऊ माणसं झाली, तेव्हा आईने हट्टाने बिऱ्हाड हलवलं आणि आम्ही नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला गास गावात एका वाडीत येऊन राहिलो. वाडी म्हणजे केळी-नारळाची आणि पानवेलीची वाडी. घरामागच्या पडवीला कुडाची भिंत घालून केलेली एक खोली आणि बाहेर झावळ्यांची न्हाणी. वडील पहाटे सायकल हाणत स्टेशन गाठायचे. त्याच वेळी वाडीतली माणसं फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या घेऊन दादरच्या बाजाराला निघालेली असायची, त्यामुळे वडिलांच्या कपड्यांना सकाळी मोगऱ्याचा वास आणि रात्री तेलाचा.

घरमालक सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी. सगळी वाडी त्यांना बाबा म्हणायची, म्हणून आम्हीही बाबाच म्हणू लागलो. घरात ते कादोडी बोलत, आमच्याशी मराठी. उंच, वाळकुडे, उघड्या अंगाने वाडीत फिरणारे, रविवारी मात्र चर्चला जाताना इस्त्रीचा पांढरा सदरा. फार बोलायचे नाहीत. मला 'बाय' म्हणत.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्या बंद पडल्या. डॉ. दत्ता सामंतांच्या शब्दावर सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. पहिला महिना वडील खुशीत होते, महिन्या-दोन महिन्यांत मिटेल म्हणायचे. मार्चमध्ये आईच्या बांगड्या मोडल्या. एप्रिलात एका संध्याकाळी वडील बाबांच्या ओट्यावर गेले आणि मी दाराआडून ऐकत उभी राहिले.

"बाबा, खोली सोडावी म्हणतो."

बाबा पानांच्या कवळ्या लावत होते. "सोडून कुठं जाल?"

"गावाला."

"गावाला काय, दुसरी गिरणी आहे?"

वडील काही बोलले नाहीत. बाबांनी हातातली कवळी पुरी केली, बांधली, बाजूला ठेवली.

"संप मिटला की द्या," ते म्हणाले आणि पुढची पानं मोजायला लागले.

एवढंच. आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं हे वाक्य म्हणीसारखं चाललं. बाहुली कधी आणणार? संप मिटला की. हसून म्हणायचो, पण वडील त्यात कधी हसल्याचं मला आठवत नाही.

दर मे महिन्यात आम्ही रत्नागिरीकडे गावी जायचो. त्या वर्षी एस.टी.चं भाडं नव्हतं. मी दहा वर्षांची, आणि आंबे नाहीत, आजी नाही म्हणून दिवसभर तोंड पाडून बसायची. आईने मला मारलंही असतं, पण तिला तेवढं त्राण नव्हतं. ते बाबांनी पाहिलं असावं. एके दिवशी काळोखातच त्यांनी आमच्या दारावर टिचकी मारली. "बायला पाठवा. बावखळावर काम आहे."

वसईबाहेरच्या माणसाला बावखळ सांगावं लागतं. बाव म्हणजे विहीर. बावखळ तिच्यासारखं बांधीव आणि अरुंद नसतं. ते वाडीच्या कुशीत खणलेलं, उतरत्या काठांचं, पसरट तळं. एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी असलेल्या या चिंचोळ्या पट्टीत जुन्या शेतकऱ्यांनी अशी बावखळे गावोगाव खणून ठेवली. पावसाचं पाणी त्यांत साठतं, हळूहळू मुरतं, आजूबाजूच्या विहिरींना पुरतं, आणि जमिनीखालून आत येऊ पाहणाऱ्या खाऱ्या पाण्याला बाहेरच थोपवून धरतं. काही बावखळे एका घराची, बरीचशी चार-सहा घरांची सामाईक. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. त्यावरून भांडणंही झाली असतील, पण बावखळाची वाटणी करून मध्ये बांध घातल्याचं मी कधी पाहिलं नाही.

काठावर रहाट असायचा. लाकडी चाकावर गाडग्यांची माळ, आणि बाजूला गोल गोल फिरणारा रेडा. भरलेली गाडगी वर येत, उलटत, पाणी एका लांब कोरीव लाकडात पडे आणि तिथून पाटाला लागे. त्या कोरीव लाकडाला डोण म्हणतात. आम्ही येण्याच्या थोडं आधी बाबांकडे विजेचा पंप बसला होता, रेडा विकला गेला होता आणि रहाटाचं चाक गंजल्या खिळ्यांसकट कुडाला टेकून उभं होतं. डोण मात्र बाबांनी टाकली नाही. आंब्याच्या अख्ख्या खोडातून कोरलेली, माणूस आडवा झोपेल एवढी. जिकडून पाणी पाटात पडायचं ते तोंड उघडं होतं, तिथे त्यांनी फळी ठोकून फटीत डांबर भरलं. तरीही ती पाण्यात लोळायची, म्हणून दोन्ही बाजूंना केळीचे दोन खुंट काथ्याने बांधले. केळीचा खुंट बुडत नाही. आमच्याकडची पोरं त्यावरच पोहायला शिकायची. झाली होडी.

हौसेची नव्हती ती. उन्हाळ्यात बावखळाचं पाणी खाली जातं, तेव्हा शेवाळ ओढायचं, तळाचा गाळ काढायचा आणि केळीच्या बुंध्याशी घालायचा. त्या गाळावर केळीचा घड केवढा धरतो, हे वेगळं लिहावं लागेल. बाबांना पलीकडच्या काठाला जायला डोण लागायची. माझं 'काम' म्हणजे पुढे बसायचं आणि नारळाच्या करवंटीने डोणीतलं पाणी बाहेर काढायचं.

"हलायचं नाय," बाबा म्हणाले. त्या सबंध उन्हाळ्यात त्यांनी मला दिलेली ही एकच शिकवण, पण ती रोज दिली.

पहिल्या दिवशी मी हलले. डोण कलली, करवंटी पाण्यात गेली आणि काठावरच्या लव्हाळ्यांतून चार-पाच ढोकऱ्या एकदम उडाल्या. उडेपर्यंत तिथे ढोकऱ्या आहेत हे मला दिसलंच नव्हतं. मातकट पक्षी, मातकट काठ. उडाल्यावर पंख एकदम पांढरेशुभ्र. बाबांनी बांबू रोवला, डोण थांबवली आणि काही न बोलता बसून राहिले. केवढा वेळ गेला कोण जाणे, पण एकेक ढोकरी परत आली. विणीचे दिवस होते, पाठ सगळी तांबूस जांभळी झाली होती, जुन्या पैठणीच्या काठासारखी. मग आम्ही पुढे सरकलो.

आठवड्याभरात मला बसायला आलं. तेव्हा कुठे बावखळ उघडायला लागलं.

पूर्वेचा काठ उभा होता, तिथे मातीत मुठीएवढी भोकं होती. एकातून खंड्या बाणासारखा निघायचा, दुसऱ्यात मासळी घेऊन शिरायचा. भोकाखाली पांढरी रेघ ओघळलेली, आणि जवळ गेलं की कुजक्या मासळीचा असा दर्प की निळ्या रंगाचं सगळं कौतुक संपावं. पाणकोंबडी काठाकाठाने चालायची, शेपटी खालीवर हलवत, घाईत असल्यासारखी, आणि संध्याकाळी तीच पक्षीण एवढी भांडकुदळ ओरडायची की आई म्हणायची, "शेजारीण आली घरी." शिंदीच्या झाडावर सुगरणींचे नर घरटी विणत होते. अर्धवट विणून उलटं लटकून पंख फडफडवायचे, मादीने पाहिलं आणि नापसंत केलं की तसंच सोडून दुसरं. झाडाखाली टाकलेल्या घरट्यांचा सडा. आई तसलंच एक घरी घेऊन आली आणि त्यात कांदे ठेवले.

दिवडी खूप. एक डोणीच्या काठाला लागून पोहत गेली, डोकं तेवढं वर आणि पाण्यावर तिची नागमोडी रेघ. मी श्वास धरला. बाबा म्हणाले, "विष नाय तिला. पण चावंल."

एकदा पाण्यावर लालभडक ठिपक्यांचा एक पुंजका दिसला, ताटाएवढा, थरथरणारा. जवळून पाहिलं तर माशाची पिल्लं, शेकड्याने. पिल्लांच्या खाली काळसर काहीतरी स्थिर उभं होतं. मरळ. वर येऊन तिने तोंडाने हवा घेतली, 'बुळ्ळ' असा आवाज झाला आणि ती पुन्हा पिल्लांखाली गेली. मरळीला पाण्यातल्या हवेवर भागत नाही, अधूनमधून वर यावं लागतं, आणि म्हणूनच टपून बसणाऱ्याला ती सहज सापडते. आमच्या घरात तेव्हा चार दिवस डाळ नव्हती. मी म्हणाले, "बाबा, पकडू या ना."

"लाल पिल्लं असली की नाय," ते म्हणाले. "ही गेली तर बाकीचे मासे सगळी खातील. पाऊस पडू दे."

दुपारी त्यांच्या घरातून आमच्याकडे सुक्या बोंबलांचं कालवण आलं. डाळीचं मी बाबांना सांगितलं नव्हतं. मीच 'पकडू या' म्हणाले, त्यातून त्यांना काय कळायचं ते कळलं असावं.

आणि बुडी. बाबा तिला बुडी म्हणायचे. टिबुकली हे नाव मला पुढे पक्ष्यांच्या पुस्तकात भेटलं. बदकाच्या पिल्लाएवढी, गोल, शेपूट नसल्यासारखी, गालावर तांबूस रंग. पाहता पाहता गडप व्हायची आणि भलतीकडेच वर यायची. पश्चिमेच्या कोपऱ्यात तिचं घरटं होतं. घरटं कसलं, कुजक्या शेवाळाचा तरंगता ढीग. पहिल्यांदा मला ते दिसलंच नाही. बाबांनी बांबूने दुरून दाखवलं. आम्ही जवळ जाताना ती उठली, चोचीने इकडचं तिकडचं ओलं शेवाळ ओढून पोटाखालचं काहीतरी झाकलं आणि आवाज न करता पाण्यात सरकली. चार-पाच सेकंदांचा खेळ. राहिला तो फक्त शेवाळाचा ढीग.

"अंडी आहेत?" मी विचारलं.

"आहेत. ती झाकून गेली म्हंजे आहेत."

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. चाळीस वर्षं मी ती कोणाला सांगितलेली नाही.

तीन-चार दिवसांनी बाबा काठावर गाळाची टोपली रिकामी करत होते आणि मी डोणीत एकटी होते. डोण काथ्याने खुंटाला बांधलेली, पण काथ्या लांब. मी हातांनी पाणी मारत कोपऱ्यापर्यंत गेले. बुडी उठली, घाईने झाकलं आणि गेली. मी बांबूच्या टोकाने शेवाळ बाजूला केलं. चार अंडी. पांढरी असतील असं वाटलं होतं, पण ओल्या शेवाळाचा रंग लागून तपकिरी झाली होती, चहाने डागळलेल्या कपासारखी. पाहिलं. आनंद झाला. मग बाबांची चाहूल लागली तशी घाबरून डोण मागे ओढली. शेवाळ पुन्हा झाकायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ढिगाऱ्यावर कावळा होता.

बाबा पाहत राहिले. ढिगाऱ्याकडे पाहिलं, बांबूच्या टोकाला वाळलेल्या शेवाळाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही. डोण वळवली. "आता त्या कोपऱ्यात नको जायला," एवढंच म्हणाले. आईला त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मला बोलावणार नाहीत असं वाटून मी रात्रभर जागी होते, पण काळोखात दारावर टिचकी वाजली. मी पुढे बसले, करवंटी घेतली. पुढचे पंधरा दिवस मी दगडासारखी बसत होते. आईच्या वहीत या कर्जाची ओळ नाही.

जूनच्या अखेरीस बुडीने दुसऱ्या कोपऱ्यात पुन्हा घरटं केलं आणि पावसात तिच्या पाठीवर, पंखांच्या आडून दोन पट्टेरी डोकी दिसली. बाबांनी मला छत्रीखाली नेऊन दाखवली, काठावरूनच.

संप काही मिटला नाही. कामगार गावी गेले, कोणी हातगाडी ओढली, कोणी कायमचे खचले. वडिलांना १९८३च्या पावसाळ्यात नवघरच्या एका लहान कारखान्यात काम मिळालं आणि भाडं पुन्हा सुरू झालं. मागच्या बाकीचं नाव बाबांनी काढलं नाही.

वाडीचं पुढचं थोडक्यात सांगते, कारण सांगताना राग येतो आणि रागाने लिहिलेलं बाबांना आवडलं नसतं. पंप आले, मागून टँकर आले. विहिरींचं पाणी रात्रंदिवस उपसून वाढत्या इमारतींना विकलं जाऊ लागलं. गोडं पाणी खाली गेलं, खारं वर आलं, पानवेली करपल्या. रहाट थांबल्यावर बावखळ अडगळ वाटू लागलं. कोणी त्यात राडारोडा टाकला, कोणी भराव घालून जागा विकली. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, गावोगावची माणसं मोर्चात उतरली. बाबाही गेले होते, तोच इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. मोर्चाहून आल्यावर आईने विचारलं, काय झालं? "खूप माणसं होती," ते म्हणाले, आणि त्यांच्या मानाने ते भाषणच होतं.

आणि १९९५मध्ये आम्ही फ्लॅट घेतला. तळमजला, दोन खोल्या, वडिलांचा सगळा फंड त्यात गेला. इमारत कुठल्या जागेवर उभी आहे हे आम्हाला ठाऊक होतं. आम्हीच काय, गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे एक बावखळ होतं. पण त्या किमतीत दुसरीकडे मिळत नव्हतं. आम्ही तो विषय घरात काढला नाही, बस.

वास्तुशांतीला बाबा आले. राजेळी केळ्यांची फणी आणली होती. चपला बाहेर काढून घरभर फिरले, खिडक्या उघडून पाहिल्या, आईला 'चांगलं हवेशीर आहे' म्हणाले. मग स्वयंपाकघरात ओट्यापाशी थांबले आणि पायाखाली पाहिलं.

"इथं पायऱ्या असतील," ते म्हणाले. "चौदा होत्या. शेवटच्या दोन उन्हाळ्यातच दिसायच्या."

त्यात टोमणा नव्हता. माझ्या सासरच्या मंडळींना तर ते काय बोलले हे कळलंही नाही. आईने चहाचं पातेलं उगाच दुसऱ्या शेगडीवर ठेवलं.

निघताना वडिलांनी पाकीट पुढे केलं. त्यात एक हजार वीस रुपये होते, कोऱ्या नोटा, बँकेतून मुद्दाम आणलेल्या. व्याज धरलं नव्हतं, कारण व्याज धरलं तर बाबांचा अपमान होईल, असं आई-वडिलांचं रात्री बोलणं झालं होतं. बाबांनी पाकीट हातात घेतलं, उघडलं नाही.

"संप मिटला का?"

वडील उभेच राहिले. तो संप मागे घेतल्याचं कोणी कधी जाहीर केलेलं नाही. अधिकृतपणे तो आजही चालू आहे. वडिलांना हे त्यांच्या गिरणीच्या चिमणीएवढं स्पष्ट ठाऊक होतं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

बाबांनी पाकीट त्यांच्या खिशात परत ठेवलं, वरून दोनदा थोपटलं आणि गेले. थट्टा होती की नव्हती, यावर आई-वडिलांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

बाबा २००३च्या पावसाळ्यात गेले. पुढे १० जुलै २०१८ला नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, आणि आमच्या तळमजल्यावर गुडघ्याच्या वर पाणी चढलं. ते स्वयंपाकघरातून आलं, लाद्यांच्या सांध्यांतून, आधी बुडबुडे आणि मग धार. थकलेले वडील पलंगावर पाय वर घेऊन बसले होते. ओट्याकडे पाहत म्हणाले, "किती पायऱ्या म्हणाले होते ते?"

"चौदा."

"हं."

संध्याकाळी जिन्याखालच्या पाण्यात एक दिवड फिरताना दिसली. सोसायटीतली मुलं काठ्या घेऊन धावली. मी मध्ये पडले. विष नाही तिला, म्हणाले.

बाबांचं बावखळ मात्र आहे. मधली काही वर्षं जलपर्णीने गच्च भरलं होतं, वरून चालत जावं असं वाटे. हल्ली वसईत ठिकठिकाणी तरुण पोरं रविवारी उतरून अशी बावखळे साफ करतात. त्यांत बाबांचा नातूही आहे. तो मला आत्या म्हणतो. तसं म्हणायला त्याला कोणी सांगितलं, हे मी कधी विचारलं नाही. या मे महिन्यात त्याचा फोन आला, "आत्या, माणसं कमी आहेत, येता का?"

डोण आता गोठ्याच्या बाहेर आहे, डांबर तडकलेलं, आत आल्याची रोपं लावली आहेत. पोरांनी निळी प्लॅस्टिकची पिंपं बांधून तराफा केला होता. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, गुडघे दुखतात, पण पुढे बसले. नातू मागे बांबू घेऊन. जलपर्णीचा एक पट्टा ओढून झाल्यावर पश्चिमेच्या कोपऱ्यात पाणी मोकळं झालं, आणि तिथे कुजक्या शेवाळाचा एक ढीग तरंगत होता.

"कचरा आहे, ओढू का?" त्याने विचारलं.

मी हात मागे करून बांबू धरला. ढिगावरून काहीतरी उठलं, चोचीने दोनदा इकडून, एकदा तिकडून शेवाळ ओढलं आणि पाण्यात शिरलं. नुसती वर्तुळं राहिली.

"हलायचं नाय," मी म्हणाले.

काठावरची पोरं हाका मारत होती, चहा आला होता. ती परत येऊन ढिगावर चढेपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो.